अर्जदाराला विचारता न येणारा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



बेकारीविषयी बोलताना चळवळीत आकडे पुष्कळ येतात, मागण्याही येतात. परंतु बेकार माणूस प्रत्यक्ष नोकरी मागायला जातो तेव्हा त्या खोलीत काय घडते, याचा विचार क्वचितच होतो. मुलाखत ही खाजगी बाब समजली जाते. निवड झाली तर ते उमेदवाराचे नशीब आणि न झाली तर त्याची लायकी, असे म्हणून सारे मोकळे होतात. कामगार संघटनांचे कामही बहुधा नेमणूकपत्र हातात पडल्यानंतर सुरू होते. नेमणुकीच्या आधी जो काळ जातो, तो कोणाच्याच खात्यावर लिहिलेला नसतो.

आजचा विषय अमेरिकेतील बड्या आरोग्यविमा कंपन्यांत नोकरीसाठी मुलाखत देणाऱ्या उमेदवारांचा आहे. विषय दूरचा वाटेल, पण तो निवडण्याला कारण आहे. साबणाच्या कारखान्यात नोकरी मागणारा माणूस साबणासाठी तेथे जात नाही. आरोग्यविमा कंपनीच्या दारात अर्ज घेऊन उभी राहणारी अमेरिकन व्यक्ती मात्र अनेकदा दोन गोष्टी मागत असते. एक पगार, आणि दुसरी, स्वतःच्या व मुलाबाळांच्या आजारपणासाठी विमा. जी वस्तू हाताळण्यासाठी तिला नेमायचे, तीच वस्तू तिच्यापाशी नसते किंवा लवकरच नसणार असते.

हे असे का झाले, ते थोडक्यात पाहिले पाहिजे. १९२९ साली टेक्सासमधील डॅलस शहरात बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाने शिक्षकांकडून दरमहा ५० सेंट घेऊन २१ दिवसांच्या रुग्णालयवासाची हमी देणारी एक योजना काढली. पुढे ब्लू क्रॉस या नावाने जी व्यवस्था देशभर पसरली, तिचे मूळ या योजनेत आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, महागाईला आळा घालण्यासाठी सरकारने वेतनवाढीवर निर्बंध आणले, पण विम्यासारख्या सवलती त्या निर्बंधांतून वगळल्या. माणसे मिळत नव्हती आणि पगार वाढवता येत नव्हता. तेव्हा मालकांनी विमा देऊ केला. मालकाने भरलेला हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नात धरायचा नाही, हे १९५४ च्या आयकर कायद्याने पक्के केले. ब्रिटनने १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू करून औषधोपचाराचा हक्क रहिवाशाला दिला, तर अमेरिकेत तो नोकरीला बांधला गेला. २०२४ साली पासष्ट वर्षांखालील सुमारे १५ कोटी लोकांचा विमा कोणाच्या ना कोणाच्या नोकरीतून आलेला होता. त्या वर्षी अशा विम्याचा एका कुटुंबाचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता आणि त्यांपैकी सुमारे ६,३०० डॉलर कामगार स्वतः भरत होता. नोकरी गेली तर १९८६ च्या एका कायद्यान्वये जुना विमा साधारणतः अठरा महिने चालू ठेवता येतो. मात्र मालकाचा वाटाही स्वतःच भरावा लागतो आणि वर दोन टक्के कारभारखर्च. पगार बंद झालेल्या महिन्यातच हा बोजा येऊन पडतो.

आता एक उमेदवार डोळ्यांसमोर आणावी. ही कोणी एक विशिष्ट स्त्री नव्हे. अशा अनेकींच्या अनुभवांतून उभे राहणारे हे चित्र आहे. रुग्णालयात पंधरा वर्षे पाळ्या केलेली परिचारिका. पाठीचे दुखणे जडलेले, रात्रपाळी सोसवत नाही. विमा कंपनीत घरी बसून करायचे काम आहे. डॉक्टरांकडून येणाऱ्या उपचारांच्या विनंत्या तपासायच्या आणि नियमांत बसतात की नाही ते पाहायचे. पाठीला विश्रांती मिळेल आणि विमाही मिळेल, या आशेने ती अर्ज करते.

अर्ज संगणकावरच भरायचा. आपला अनुभव ती आधी एका कागदावर जोडते आणि मग तोच अनुभव रकान्या-रकान्यांत पुन्हा लिहिते. अर्ज प्रथम वाचते ते बहुधा यंत्र. पुढे एखाद्या दिवशी निरोप येतो की मुलाखत आहे, पण समोर कोणी नसेल. पडद्यावर प्रश्न उमटेल, विचार करायला अर्धे मिनिट, उत्तराला दोन-तीन मिनिटे, आणि कॅमेऱ्याकडे पाहून बोलायचे. नोकरीची मुलाखत म्हणजे निदान दोन माणसांची भेट, ही जुनी कल्पनाही येथे मोडीत निघते. समोरच्याचा चेहरा वाचण्याची जी थोडी सोय दुर्बळ पक्षाला होती, ती गेली. बलवान पक्षाला मात्र उमेदवाराचा चेहरा हवा तितक्या वेळा पाहता येतो. अशी सेवा विकणारी हायरव्ह्यू ही अमेरिकन कंपनी काही वर्षे उमेदवाराच्या चेहऱ्यावरील हालचालींचेही यंत्राकडून मूल्यमापन करून घेत होती. २०१९ साली तिच्याविरुद्ध केंद्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार गेली, आणि चेहऱ्याचे विश्लेषण थांबवल्याचे कंपनीने २०२१ च्या आरंभी जाहीर केले. इलिनॉय राज्यात २०२० पासून असा कायदा आहे की यंत्राकडून मुलाखत तपासायची असेल तर उमेदवाराला आधी सांगितले पाहिजे आणि त्याची संमती घेतली पाहिजे. संमती न देणाऱ्याची मुलाखत दुसऱ्या कोणत्या रीतीने घ्यायची, याविषयी मात्र कायदा मालकावर काही बंधन घालत नाही. भुकेल्याच्या संमतीची किंमत कामगार चळवळीला नव्याने समजावून सांगायला नको.

प्रश्नांचा साचा ठरलेला असतो. 'संतापलेल्या ग्राहकाला तुम्ही शांत केलेत असा एक प्रसंग सांगा.' 'तुम्ही एखाद्यासाठी कर्तव्यापलीकडे जाऊन काय केलेत?' उत्तर प्रसंग, जबाबदारी, कृती आणि परिणाम या चार पायऱ्यांनी द्यायचे. ही पायरी न चुकवता बोलायला शिकवणारा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला आहे. परिचारिकेजवळ प्रसंगांना तोटा नसतो. कोणा म्हाताऱ्याचा हात धरून ती पहाटेपर्यंत बसलेली असते, कोणा आईला तिने नको ती बातमी सांगितलेली असते. त्यांतला एखादा प्रसंग ती निवडते, दोन मिनिटांत बसेल इतका छाटते आणि त्याच्या शेवटी 'परिणाम' जोडते. तो म्हातारा दगावला, हा परिणाम चालत नाही. परिणाम म्हणजे वेळ वाचला, तक्रार टळली, नातेवाइकांनी आभाराचे पत्र धाडले. घरी आरशासमोर हा पाठ चार वेळा म्हणून झाला की मूळ आठवण कोणती आणि पाठ कोणता, हे तिचे तिलाच सांगणे कठीण होते. श्रम विकत घेतले जातात हे जुने आहे. येथे तिची आठवणही विकाऊ करून मागितली जाते, तीही नमुना म्हणून, फुकट.

आणि ही करुणा कोणत्या कामासाठी तपासली जाते? कंपनीच्या पूर्वसंमतीशिवाय अनेक उपचारांचा खर्च मिळत नाही. त्या विनंत्यांची छाननी हे तिचे काम. मंजुरी ती देऊ शकते, पण वैद्यकीय कारणास्तव द्यायच्या नकारावर सामान्यतः डॉक्टरची सही लागते. वृद्धांच्या सरकारी विमा योजनेची जी शाखा खाजगी कंपन्यांमार्फत चालते, तिच्यात २०२३ साली अशा सुमारे पाच कोटी विनंत्यांचा निकाल लागला आणि सुमारे ३२ लाख विनंत्या पूर्णतः वा अंशतः नाकारल्या गेल्या. नाकारलेल्यांपैकी जेमतेम १२ टक्क्यांविरुद्ध अपील झाले. पण ज्यांनी अपील केले त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिकांच्या बाबतीत नकार पूर्णतः वा अंशतः फिरवावा लागला. हे आकडे मुलाखतीत निघत नाहीत. 'चुकीचा वाटणारा नकार तुमच्या टेबलावरून पुढे जात असेल तर तुम्ही काय कराल?' हा प्रश्न त्या ठरलेल्या साच्यात बसणारा नाही.

उमेदवारालाही एक प्रश्न विचारायचा असतो, आणि तो ती विचारत नाही. विमा कोणत्या तारखेपासून सुरू होईल? आरोग्यविम्यासाठी नव्या नोकराला नव्वद दिवसांपेक्षा अधिक थांबवता येत नाही, असा नियम २०१४ पासून आहे. पण घरात साखरेचा आजार असलेले मूल असेल तर नव्वद दिवस ही थोडी मुदत नव्हे. मुलाखतीची तयारी करून घेणारे सारे तिला एकच बजावतात: पहिल्या भेटीत सवलतींचा विषय काढू नये, गरजू दिसाल. गरजू दिसण्यापेक्षा मोठी भीती निराळी आहे. तारीख विचारली की घरात कोणी आजारी आहे, हे न सांगता सांगितल्यासारखे होते. १९९० च्या अपंगांविषयीच्या कायद्याने मालकाला नोकरी देऊ करण्यापूर्वी उमेदवाराच्या आजाराची चौकशी करण्यास मनाई केली आहे. कायदा चांगला आहे, मालकाचे तोंड तो बंद करतो. पण येथे तिची गरजच तिच्या तोंडून बोलणार असते, म्हणून ती गप्प राहते आणि 'तुम्हांला काही विचारायचे आहे काय?' या शेवटच्या प्रश्नाला कंपनीच्या ध्येयधोरणांविषयी काही विचारून हसते.

या मौनाला एक इतिहासही आहे. नोकरी मागणाऱ्याला आजार विचारायचा नाही, असा हा कायदा असतानाच, स्वतःच्या पैशाने विमा विकत घेऊ पाहणाऱ्याला मात्र त्या काळी बहुतेक राज्यांत जुन्या आजारांची सारी यादी भरून द्यावी लागे, आणि ती पाहून कंपनी विमा नाकारू शके. २०१० च्या आरोग्य कायद्याने ही प्रथा २०१४ पासून बंद झाली. दोन दशकांहून अधिक काळ एकाच इमारतीत दोन निरनिराळे अर्ज होते. नोकरीच्या अर्जात आजार विचारणे गुन्हा, विम्याच्या अर्जात तो लपवणे गुन्हा.

पगाराच्या बाबतीत थोडी सुधारणा झाली आहे. पूर्वी 'आधीच्या ठिकाणी किती मिळत होते?' हा प्रश्न सर्रास विचारला जाई आणि जुन्या पिळवणुकीवर नवी बेतली जाई. मॅसॅच्युसेट्सने २०१८ पासून या प्रश्नाला मनाई केली. कोलोरॅडोने २०२१ पासून जाहिरातीतच पगाराची मर्यादा छापणे सक्तीचे केले, आणि पुढे न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया यांनी तोच मार्ग धरला. देशभर नोकरभरती करणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींत आज आकडे दिसू लागले आहेत, ते अशा कायद्यांच्या दडपणामुळे.

नकार बहुधा कळतच नाही. कित्येकांना दोन-तीन फेऱ्यांनंतरही शब्दाने उत्तर येत नाही. काहींना छापील चार ओळी येतात. कारण विचारावे तर विचारायचे कोणाला? यंत्राकरवी सतत डावलले गेल्याच्या तक्रारीवरून एका अर्जदाराने २०२३ साली कॅलिफोर्नियातील केंद्रीय न्यायालयात वर्कडे या संगणकप्रणाली विकणाऱ्या कंपनीविरुद्ध दावा लावला. प्रणाली विकणारीही मालकाच्या वतीने निवड करणारी मानता येईल, असे म्हणत २०२४ साली न्यायालयाने तो दावा पुढे चालू दिला, आणि २०२५ साली वयाच्या कारणावरून वगळले गेल्याची तक्रार असलेल्या चाळिशीपुढील इतर अर्जदारांना त्यात सामील होण्याची प्राथमिक मुभा दिली. एकएकट्याचे नशीब म्हणून जे सोडून दिले जात होते, ते निदान एका न्यायालयात तरी अनेकांची बाब म्हणून नोंदले गेले.

कायद्याला ही दृष्टी अगदीच नवी नाही. ॲरिझोनातील बिस्बी येथील तांब्याच्या खाणीत १९३५ साली संप झाला. त्यानंतर फेल्प्स डॉज कंपनीने संघटनेशी नाते असलेल्या माणसांना कामावर घेण्याचे नाकारले. त्यांत पूर्वी कंपनीच्या नोकरीत असलेले आणि संपापूर्वीच काम सोडून गेलेले दोघेही होते. १९४१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की संघटनेच्या कारणावरून नोकरीच नाकारणे हाही कामगार संबंध कायद्याचा भंग आहे. दारावर उभ्या असलेल्या माणसालाही त्या कायद्याचे संरक्षण आहे. विमा कंपन्यांच्या कचेऱ्यांत संघटना थोड्याच आहेत, पण आहेत. मिशिगनमधील ब्लू क्रॉस ब्लू शील्डचे हजारभर कर्मचारी मोटार कामगारांच्या संघटनेचे सभासद आहेत, आणि कामे बाहेर देणे व वेतनश्रेणी या प्रश्नांवर त्यांनी २०२३ च्या सप्टेंबरात संप सुरू केला होता. जेथे असा करार आहे तेथे नव्या उमेदवाराला पगारासाठी मुलाखतीत एकट्याने घासाघीस करावी लागत नाही.

ही 'बाहेर दिलेली' कामे जातात कोठे? अमेरिकन विमा व्यवसायाच्या कचेरीकामाचा मोठा भाग हैदराबाद, गुरुग्राम, चेन्नई येथे येतो. देशी विम्यापुरते बोलायचे तर दाव्यांची छाननी करणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांना २००१ च्या नियमांनी मान्यता मिळाली, आणि मुंबई-पुण्याकडे आयुर्वेद व होमिओपथीचे पदवीधर त्यांच्याकडे मुलाखती देतात. दवाखाना काढायला भांडवल नाही आणि सरकारी जागा निघत नाहीत, म्हणून साताऱ्याचा किंवा बीडचा तरुण डॉक्टर दुसऱ्याच्या रुग्णाचे बिल तपासण्याची परीक्षा देतो. आपल्याकडील १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येत नोकरीवर असलेला येई, वादापायी काढून टाकलेलाही येई. अर्जदार येत नसे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ती चौकट बदललेली नाही.

तालुक्याच्या गावी पक्षाच्या कचेरीत अर्ज लिहून घ्यायला येणारी मुले पुष्कळ असतात. अर्ज लिहून देण्याबरोबर, मुलाखतीहून परतल्यावर काय विचारले गेले, पगाराचा आकडा सांगितला की नाही, मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली काय, किती वर्षांचा करार लिहून मागितला, उत्तर किती दिवसांनी आले, याची नोंद एका वहीत कंपनीवार ठेवता येईल. शंभर मुलांच्या नोंदी झाल्यावर कामगार आयुक्तांकडे न्यायला काहीतरी हातात असेल. आज त्यांच्यापुढे ठेवायला एकही कागद नाही.