निसर्गभक्तीला नोंदीची जोड
(कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



वडाला सूत गुंडाळणारी, तुळशीला पाणी घालणारी, पितृपक्षात कावळ्याची वाट पाहणारी आपली संस्कृती. देवराया राखल्या त्या याच समाजाने. त्याचा अभिमान रास्तच आहे. परंतु आपल्या सोसायटीच्या आवारात किती जातींचे पक्षी येतात, असे विचारले, तर किती घरांतून उत्तर मिळेल? ज्या भूमीला आपण माता म्हणतो, तिच्या लेकरांची नावेही ठाऊक नसावीत, ही उणीव नुसत्या भक्तीने भरून निघणारी नाही. तिला अभ्यासाची जोड हवी.

हा अभ्यास सामान्य नागरिकही करू शकतो. अमेरिकेत नाताळात पक्ष्यांची शिकार करण्याची प्रथा होती. त्याऐवजी पक्षी मोजावेत, असे फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली सुचविले. पहिल्या वर्षी अवघे २७ जण पुढे आले. ती गणना आजही चालू आहे. अंगणातील पक्ष्यांची गणना तेथेच १९९८ मध्ये सुरू झाली. २०१३ पासून ती जगभर होते व भारतही तीत सहभागी असतो. फेब्रुवारीतील चार दिवस त्यासाठी ठरलेले असतात.

पद्धत सोपी आहे. किमान पंधरा मिनिटे निरीक्षण करायचे, ओळखता आलेल्या प्रत्येक पक्ष्याची जात व संख्या लिहायची आणि ती यादी 'ई-बर्ड'वर नोंदवायची. अनोळखी पक्ष्याला अंदाजाने नाव द्यायचे नाही. शंकास्पद नोंदी जाणकार तपासतात. कावळे-पारवे नेहमीचेच म्हणून गाळायचे नाहीत, हा नियम विशेष महत्त्वाचा. यादी संपूर्ण असेल, तरच जो पक्षी तीत नाही तो आढळला नाही, असे धरता येते. एका यादीवरून निष्कर्ष निघत नाही. पण हजारो याद्यांतून एखादे नाव वर्षागणिक विरळ होत गेले, की त्याची घट लपत नाही.

चिमणीचेच पाहा. मोबाइल मनोऱ्यांमुळे चिमण्या संपल्या, असे घरोघरी बोलले जात होते. पंधरा हजारांहून अधिक निरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवर आधारलेला 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल २०२० मध्ये आला. देशभरात चिमणीची संख्या साधारण स्थिर असून मुंबईसह सहा महानगरांत ती घटली आहे, असे त्यात दिसले. मनोऱ्यांविरुद्ध पुरावा आढळला नाही; पिलांना लागणाऱ्या किड्यांची व घरट्यांच्या जागांची टंचाई ही संभाव्य कारणे ठरली. निदान चुकले की उपचारही चुकतो. याच मालिकेतील २०२३ च्या अहवालाने ९४२ जाती तपासून १७८ जातींच्या संरक्षणाला उच्च प्राधान्य द्यावे, असे सांगितले. तेही नागरिकांच्या नोंदींच्याच बळावर.

रस्तारुंदीत जुना वड पडला, की आपण हळहळतो. त्या वडावर कोण राहत होते, याची दहा वर्षांची नोंद हाती असेल, तर महापालिकेपुढे हळहळ नव्हे, पुरावा मांडता येईल.

म्हणून येत्या फेब्रुवारीत प्रत्येक वस्तीतील चार-पाच कुटुंबांनी तरी एकत्र यावे. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' जवळ असावा. आजोबांना जुनी नावे ठाऊक असतात, नातवंडांना मोबाइल चालविता येतो. दोघांनी मिळून गच्चीवर बसावे. पहिल्या यादीत आठच नावे आली तरी चालतील. मात्र पुढच्या वर्षी त्याच गच्चीवर, पुन्हा त्याच चार दिवसांत बसावे.