संगणकाच्या घरातील फळी आणि माळा

(कळंब येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



चिटणीस साहेबांनी मला बोलवले ते एका व्यावहारिक प्रश्नासाठी. संगणक-कक्षातली आठ यंत्रे जुनी झाली आहेत. प्रत्येकात दोन जीबी मेमरी आहे. ती भंगारात द्यावीत आणि नवीन घ्यावीत, की आणखी दोन-चार वर्षे चालवावीत, एवढे मी सांगायचे आहे. माझे पोट याच धंद्यावर चालते, म्हणून उत्तर एका वाक्यात देता आले असते. पण ते वाक्य तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून ऐकावे, त्यापेक्षा तुमचे तुम्हाला समजून घेता यावे असे मला वाटते. तेव्हा थोडा वेळ घेतो.

संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो ते प्रोग्राम यांच्या मध्ये सर्व कारभार पाहणारा एक मूळ प्रोग्राम असतो. त्याला कर्नेल म्हणतात. फौजेतला कर्नल नव्हे! इंग्रजीत या शब्दाचा अर्थ टरफलाच्या आतला दाणा. आपण भात पिकवणारी माणसे, कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे वाण आपल्या खाचरांत लावणारी. आपल्याला हे समजायला अडचण नाही. तूस बाहेर, तांदूळ आत. योगायोग असा की, ज्यातून आपण हुकूम देतो त्या बाहेरच्या थराला संगणकवाले ‘शेल’, म्हणजे टरफल, असेच म्हणतात.

या दाण्याकडे जी कामे असतात त्यांत सर्वांत नाजूक काम म्हणजे मेमरीची वाटणी.

तुमच्या घरातले स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. चुलीजवळ हाताला येईल अशी फळी असते. तिच्यावर मीठ, मसाला, चहा-साखर. पावसाळ्याची बेगमी, मोठी पातेली, पाहुण्यांच्या गोधड्या हे सगळे माळ्यावर. माळ्यावर जागा भरपूर, पण शिडी लावून चढावे लागते. फळी म्हणजे संगणकाची मेमरी, माळा म्हणजे डिस्क. फरक एवढाच की, आपली शिडी चढायला अर्धे मिनिट लागते, तर संगणकात जुन्या फिरत्या डिस्कवरून वस्तू आणायला मेमरीच्या मानाने सुमारे एक लाख पट वेळ लागतो. म्हणून फळीवर काय ठेवावे आणि काय वर टाकावे, यावरच घराचा वेग ठरतो. आपल्या घरातल्या आईला ही विद्या कोणी शिकवलेली नसते. कर्नेलला मात्र ती शिकवावी लागली, आणि त्याला साठ वर्षांहून अधिक काळ लागला.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक 1960 साली कार्यान्वित झाला. तो याच देशात तयार केलेला होता. त्याची मेमरी होती 40 बिटांचे 2,048 शब्द. आजच्या हिशेबाने दहा किलोबाइट. आजचा कर्नेल मेमरीचे चार-चार किलोबाइटचे तुकडे पाडतो, त्यांना ‘पान’ म्हणतात. म्हणजे टिफ्रॅकची सगळी मेमरी आजच्या अडीच पानांत मावली असती! त्या अडीच पानांत कोणता आकडा कुठे ठेवायचा, हे प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच सांभाळावे लागे. 1962 मध्ये मँचेस्टरच्या ‘ॲटलस’ संगणकाने ही जबाबदारी माणसाच्या डोक्यावरून उतरवली. पाने आपोआप वर-खाली होऊ लागली, आणि प्रोग्रामला फळी व माळा मिळून एकच मोठी जागा दिसू लागली. पण कोणते पान वर धाडायचे हा प्रश्न तेव्हा सुरू झाला तो अजून पुरता मिटलेला नाही. आपल्याकडच्या अनेक मुलांनी हा विषय आय. आय. टी. मुंबईच्या प्रा. ढमढेरे यांच्या पाठ्यपुस्तकांतून शिकला आहे.

सोपे उत्तर असे की, जी वस्तू सर्वांत जास्त काळ हातात आली नाही ती माळ्यावर टाका. ऐकायला बरोबर वाटते. पण लग्नघराचा विचार करा. एका दिवसासाठी मोठी पातेली खाली येतात. ती आत्ताच हाताळलेली, म्हणून फळीवर बसतात, आणि रोजचा मिठाचा डबा वर जातो. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले, पातेली कोणाला नकोत, आणि मिठासाठी शिडी. संगणकात कोणी एखादा सिनेमा एकदाच पाहिला किंवा मोठी फाईल नकलली की हेच घडते. म्हणून लिनक्स या कर्नेलने दोन याद्या ठेवल्या. अशा फाईलचे नवे पान आधी उंबऱ्यावरच्या यादीत. तिथे असताना पुन्हा हात लागला तर घरच्या यादीत. एकदाच आलेला पाहुणा उंबऱ्यावरूनच परत जातो.

यातही खोट निघाली. दोन जीबीत 5,24,288 पाने होतात. कोणत्या पानाला हात लागला याची खूण प्रोसेसर करतो खरा, पण एकेक पान उचलून ती खूण पाहण्यात कर्नेलचाच वेळ जाऊ लागला. डिसेंबर 2022 च्या 6.1 आवृत्तीत गूगलच्या यू झाओ यांची नवी पद्धत आली. पानांच्या दोनच याद्यांऐवजी पिढ्या. आणि खुणा एकेक करून न पाहता एका प्रोग्रामची सगळी वही एका दमात चाळायची. स्वतः गूगलच्या मोजणीप्रमाणे पाने सोडवणाऱ्या कामावरचा प्रोसेसरचा खर्च 40 टक्क्यांनी घटला. नवे यंत्र न घेता, केवळ हिशेबाची वही नीट ठेवून!

कुलपांचीही एक गोष्ट आहे, थोडक्यात सांगतो. एका प्रोग्रामच्या साऱ्या जागेला पूर्वी एकच कुलूप होते. एक जण आत फेरफार करत असला की दुसऱ्याने बाहेर थांबायचे, जरी दोघांना वेगळ्या खोल्यांत जायचे असले तरी. 2023 च्या 6.4 आवृत्तीपासून खोलीगणिक कुलूप मिळू लागले. आपल्या जुन्या यंत्रांना याचा फायदा थोडाच; ज्यांत पुष्कळ प्रोसेसर आहेत त्यांना खरा.

आपल्या कामाची युक्ती वेगळी आहे. गोधडी माळ्यावर न नेता घट्ट घडी करून, दोरीने आवळून फळीच्याच कोपऱ्यात ठेवली तर? जागा कमी लागते आणि शिडीही वाचते. याला ‘झेडरॅम’ म्हणतात. नितीन गुप्ता यांनी सुरू केलेले हे काम 2014 मध्ये लिनक्सच्या 3.14 आवृत्तीत रीतसर सामील झाले. साधारण मजकूर दोन-तीन पट आवळला जातो. घडी घालायला-उलगडायला प्रोसेसरचे श्रम लागतात, पण डिस्कच्या शिडीपुढे ते काहीच नाहीत. तुमच्या खिशातल्या स्वस्त फोनांत बहुधा हेच चालू असते. मात्र आधीच आवळलेली वस्तू, म्हणजे फोटो, चित्रफिती, पुन्हा आवळत नाही.

आता माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका केंद्रात (नाव घेत नाही) आमच्या नात्यातल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. शेवटचा दिवस. यंत्र मेमरी संपली की ब्राउझर बंद पाडत असे. मी शहाणपणा केला: माळा मोठा करून दिला, डिस्कवरची जागा चौपट केली. ब्राउझर बंद पडेनासा झाला. पण तो चालेनासाही झाला! एका पानासाठी दुसरे वर, त्यासाठी तिसरे खाली. यंत्र नुसते शिडीवरच चढत-उतरत राहिले. हे दुखणे पीटर डेनिंग यांनी 1968 मध्येच नीट मांडून ठेवले होते: चालू कामाला एका वेळी लागणाऱ्या वस्तू जर फळीवर मावतच नसतील, तर माळा कितीही मोठा असून उपयोग नाही. मी ते वाचलेले होते, हे विशेष. घड्याळात बारा वाजले, आणि त्या मुलीचे एक वर्ष गेले. ती मला आजही चाचा म्हणून आदराने बोलते, पण संगणकाचा विषय काढत नाही.

तेव्हापासून मी आधी मोजतो, मग हात लावतो. तुम्हीही तेच करावे. ‘फ्री’ हा हुकूम दिला की आकडे येतात. त्यात रिकामी मेमरी अगदी थोडी दिसली म्हणून घाबरू नका. कर्नेल रिकाम्या फळीवर वाचलेल्या फाईली ठेवून देतो, आणि मागितली की जागा मोकळी करतो. पाहायचा तो ‘अव्हेलेबल’चा रकाना. नंतर ‘व्हीएमस्टॅट’ चालवा आणि ‘एसआय’ व ‘एसओ’ हे रकाने पाहा: किती खाली आले, किती वर गेले. काम चालू असताना तिथे शून्य असेल तर मेमरीला दोष देऊ नका, खोट दुसरीकडे आहे. सारखे मोठे आकडे नाचत असतील तर फळी खरोखरच अपुरी आहे.

आज सकाळी मी आठही यंत्रे अशी तपासली. तिघांत एसआय-एसओ शून्यच होते. त्यांच्या डिस्का खराब होत आल्या आहेत. त्या बदलाव्यात. चारांत ब्राउझरच्या दहा-बारा खिडक्या उघडल्या की आकडे उसळतात. त्यांत झेडरॅम चालू करून पुन्हा तेवढ्याच खिडक्या उघडल्या, तेव्हा काम पुढे सरकले. त्यांना दोन जीबीची एकेक पट्टी घातली तर शिष्यवृत्तीच्या अर्जाला ती पुरतील. आठवे यंत्र मात्र गेलेले आहे, त्याचे सुटे भाग काढून घ्या.

नववीच्या दोन मुली माझ्याबरोबर आकडे लिहून घेत होत्या. वही त्यांच्याकडेच ठेवली आहे. पट्ट्या घेऊन मी पुढच्या रविवारी नेरळहून सकाळी येतो. तोवर त्यांनी रोज दुपारी, वर्ग भरलेला असताना, तेच दोन रकाने लिहून ठेवायचे ठरले आहे.