ज्योतीवर घडणारा मणी

आगीच्या भयाने व्हेनिसच्या शासनाने १२९१ साली शहरातील काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलविल्या. पुढे तेथील काचेच्या कांड्यांपासून दिव्याच्या ज्योतीवर मणी घडविण्याची कला बहरली. ती पुष्कळ अंशी स्त्रियांच्या हाती राहिली.

मातीचा लेप दिलेल्या पोलादी तारेवर वितळलेली काच गुंडाळली, की मण्याचा गाभा होतो. तो मऊ असतानाच सोन्याच्या वर्खावरून फिरवितात. उघडा वर्ख घासून जातो, म्हणून त्यावर पारदर्शक काचेचे कवच चढवितात. चांदी अधिक नाजूक. आच जास्त लागली, की तिची तकाकी जाते.

यानंतर नक्षी. तापविलेली कांडी ओढून एक-दोन मिलिमीटर जाडीचा रंगीत धागा काढतात आणि त्याने मण्यावर वेली रेखाटतात. हात क्षणभर रेंगाळला, तर धाग्याचा गोळा होतो.

खरी कसोटी शेवटी लागते. दोन काचांचे प्रसरण जुळले नाही अथवा मणी घाईने निवविला, तर सारे श्रम तडकतात. म्हणून तो सुमारे ५०० अंश सेल्सिअस उष्णतेत ठेवून सावकाश निवू देतात.

इटली व फ्रान्समधील ही मणिकला युनेस्कोने २०२० साली मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदविली. मान मिळाला, परंतु आचेचा अंदाज जाणत्या कारागिराच्या शेजारी बसूनच शिकावा लागतो.