सामी लोकांच्या हृदयाच्या झडपा

संधिज्वरामुळे हृदयाच्या झडपा निकामी होतात, हे भारतीय श्रोत्यांना नव्याने सांगावयास नको. घशाच्या साध्या दुखण्यातून उद्भवणारा तो विकार दाटीवाटीच्या वस्तीत फोफावतो. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचे कोला द्वीपकल्प यांच्या उत्तर भागात राहणाऱ्या सामी लोकांच्या बाबतीत मात्र आणखी एका कारणाचा विचार करावा लागतो.

एचएलए-बी २७ नावाचे एक आनुवंशिक चिन्ह रक्तातील पांढऱ्या पेशींवर ओळखता येते. उत्तर नॉर्वेतील सामींपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या लोकांत ते असल्याचे तपासण्यांत दिसून आले आहे. पश्चिम युरोपात हे प्रमाण सामान्यतः १०० त ८ च्या आसपास असते. हे चिन्ह असणाऱ्या बहुतेकांना काहीही होत नाही. काहींच्या पाठीच्या कण्याचे सांधे मात्र सुजून हळूहळू ताठर होतात, आणि त्यांतील थोड्यांच्या बाबतीत ही दाहक्रिया महारोहिणीच्या मुळाशी पोहोचते. तेथील भिंत जाड होते, झडपेची पाती आखडतात आणि पुढे गेलेले रक्त प्रत्येक ठोक्यानंतर डाव्या जवनिकेत परत येते. जवनिका हे जादा ओझे वर्षानुवर्षे वाहते. रोगी धापा टाकू लागेपर्यंत पुष्कळदा कोणालाच त्याची चाहूल लागत नाही. पाठदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

अशा रोग्यांची मोजदाद व्हावी, असे वैद्यकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मोजदाद या शब्दाला सामी लोकांत वेगळाच इतिहास आहे. १९२२ साली स्वीडनमधील उप्साला येथे वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था स्थापन झाली. तिचे प्रमुख हर्मन लुंडबोर्ग यांच्या देखरेखीखाली सामी स्त्रीपुरुषांच्या कवट्या मोजल्या गेल्या, त्यांची विवस्त्र छायाचित्रे घेतली गेली. हा खटाटोप रोगनिवारणासाठी नव्हता. उच्चनीचता ठरविण्यासाठी होता. ज्यांच्या आजीआजोबांनी हा अपमान सोसला, त्यांनी रक्ताचा नमुना देताना हात आखडता घेतला, तर त्याला अडाणीपणा कसे म्हणावे?

नॉर्वेच्या लोकसंख्या-नोंदींत आज वंशाची नोंद नसते. म्हणून तेथे २००३-०४ मध्ये सामिनोर नावाची आरोग्य-पाहणी झाली, तेव्हा कोण सामी हे पाहणी करणाऱ्यांनी ठरविले नाही. आजीआजोबा, आईवडील व आपण स्वतः घरी कोणती भाषा बोलत होतो, आणि आपण स्वतःला कोण समजतो, हे प्रत्येकाला विचारण्यात आले. उत्तर ज्याचे त्याने लिहावयाचे होते.