एक यंत्र, अनेक वह्या

दोन पेढ्यांचे हिशेब एकाच दिवाणजीकडे असले, तरी तो त्यांची कीर्द-खतावणी एकत्र करीत नाहीं. दोन्ही पेढ्यांत एकाच नांवाचें कूळ असलें तरी घोटाळा होत नाहीं. कारण कोणती वही उघडावयाची हें तो आधीं ठरवितो. संगणकांच्या जाळ्यांतील स्विच नांवाच्या यंत्राकडून हेंच काम करून घेण्याच्या युक्तीस व्हर्च्युअल राउटिंग अँड फॉरवर्डिंग, थोडक्यांत व्हीआरएफ, असें म्हणतात.

एखाद्या मोठ्या रुग्णालयाचें उदाहरण घ्यावें. शस्त्रक्रियागृहांतील यंत्रें, कचेरींतील हिशेबनीस आणि रुग्णांस भेटावयास आलेली मंडळी, या सर्वांचे निरोप पुष्कळदां एकाच स्विचमधून जातात. व्हीएलॅन करून निराळ्या गल्ल्या पाडल्या म्हणजे काम झालें, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. मार्ग दाखविणाऱ्या स्विचला प्रत्येक गल्लींत एकेक पत्ता दिला, कीं तो दोन गल्ल्यांमधील निरोप आपण होऊन पोंचवूं लागतो. आडवा नियम घातला नसेल, तर पाहुण्याच्या फोनला शस्त्रक्रियागृहाची वाट सांपडते. व्हीआरएफमध्यें प्रत्येक जाळ्याची मार्गांची वहीच स्वतंत्र असते. वहींत जी वाट लिहिलेली नाहीं, त्या वाटेनें निरोप जाणार कसा?

दुसराही लाभ आहे. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ यांनीं आरंभ होणारे पत्ते खासगी वापरासाठीं राखल्याचें १९९६ सालच्या आरएफसी १९१८ या लेखांत नमूद आहे. त्यामुळें दोन संस्थांत तेच पत्ते असणें नित्याचेंच. वह्या निराळ्या असल्या म्हणजे तेंही चालतें.

सिस्कोच्या स्विचवर प्रथम ‘व्हीआरएफ डेफिनिशन’ या आज्ञेनें वहीला नांव द्यावें, तींत आयपीव्ही४ पत्त्यांची सोय करावी, आणि मग ‘व्हीआरएफ फॉरवर्डिंग’नें एकेक दार त्या वहीस जोडावें. खरा धोका येथेंच आहे. दार जोडतांक्षणींच त्यावर पूर्वीं दिलेला पत्ता पुसला जातो व तो पुन्हां लिहावा लागतो. घरीं बसून त्याच दारानें यंत्रांत शिरलेला गृहस्थ स्वतःच बाहेर फेंकला जातो! म्हणून सावध माणसें देखरेखीचें दार निराळें ठेवितात. कित्येक जण आधीं ‘रीलोड इन १०’ ही आज्ञा देतात. दहा मिनिटांत ती रद्द न केल्यास यंत्र जतन केलेल्या जुन्या मांडणीनें पुन्हां सुरू होतें. रुग्णालयांत मात्र हा उपाय बेतानेंच योजावा, कारण तेवढा वेळ सर्वांचेंच दळणवळण थांबतें.

पुढील स्विचकडे जाणाऱ्या तारेवरही प्रत्येक वहीसाठीं निराळा व्हीएलॅन लागतो. ‘शो आयपी रूट’ ही साधी आज्ञा मूळ वहीच दाखविते. तींत नवे मार्ग न दिसल्यानें नवशिके उगाच घाबरतात. तेथें व्हीआरएफचें नांव सांगावें लागतें, आणि पिंग करतांनाही. शेवटीं पाहुण्यांच्या जाळ्यांत बसून शस्त्रक्रियागृहांतील यंत्रास हांक मारून पहावी. उत्तर येतां कामा नये.