विकतचे कुलचिन्ह आणि आपली खरी नोंद



हल्ली आडनाव सांगितले की कुलचिन्ह विकत मिळते. ढाल, तलवार, सूर्य-चंद्र आणि खाली वंश व गोत्र, असे सारे चौकटीत बसवून घरपोच येते. तथागतांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी अशी चौकट आपण लावावी काय? प्रथम तिचा खरेखोटेपणा पाहू.

ही प्रथा युरोपातील. लंडनमध्ये १४८४ साली स्थापन झालेली कॉलेज ऑफ आर्म्स ही संस्था तेथील कुलचिन्हांची अधिकृत नोंद ठेवते. तिचा नियम असा की, कुलचिन्ह आडनावाचे नसते. ते एका व्यक्तीस व तिच्या वारसांस दिलेले असते. आडनाव सारखे असणे हा वारशाचा पुरावा नव्हे.

आपल्याकडे तर हे अधिकच उघड आहे. गायकवाड, जाधव, मोरे, पवार ही आडनावे मराठ्यांत आहेत, तशीच बौद्धांतही आहेत. शहाण्णव कुळींच्या छापील यादीतून वंश, देवक व निशाण उचलावयाचे आणि त्या आडनावाच्या कोणासही विकावयाचे, यात संशोधन ते कोठले? विक्रेता आपल्या आजोबांचे नाव विचारीत नाही, गावही विचारीत नाही.

१६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकप्रसंगी क्षत्रियत्वाचा वाद निघाला आणि मेवाडच्या सिसोदियांशी नाते सांगणारी वंशावळ पुढे आली. बाबासाहेबांनी शूद्रांवरील आपल्या १९४६ च्या ग्रंथात या प्रकरणाची चिकित्सा केली आहे. स्वपराक्रमाने राज्य उभारणाऱ्या पुरुषाकडेही ज्या व्यवस्थेने पूर्वजांचा दाखला मागितला, तिचाच दाखला आपण दाम मोजून का घ्यावा? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात मनुष्यमात्राच्या समतेची प्रतिज्ञा घेतली गेली. उसने क्षत्रियत्व भिंतीवर टांगणे म्हणजे ती प्रतिज्ञा खाली उतरविणे होय.

मग पूर्वजांचा शोध घेऊच नये काय? अवश्य घ्यावा, परंतु खऱ्या कागदांतून. १९९० साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा हक्क मान्य केला. तो हक्क बजावताना जात पडताळणी समितीपुढे चौकट कामास येत नाही. तेथे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूची नोंद, महसुली कागद आणि विशेषतः १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे पाहिले जातात. चौकटीचे पैसे वाचवा आणि त्या नकला काढून जपून ठेवा. घरातील वृद्धांना पूर्वजांची नावे व गावे विचारून वहीत लिहा. ती माणसे गेली म्हणजे ती नावेही जातील.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे एक नाव नोंदले गेले. ना ढाल, ना तलवार. शाळेच्या रजिस्टरातील ती केवळ एक ओळ. तिच्याहून थोर कुलचिन्ह आपणांस कोणता दुकानदार विकणार आहे?

जय भीम!