सील कुणाच्या हातात?
(जुने शहर, अकोला इथल्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मी मुंबईकडे गोदीत कंटेनर बांधणारा, सोडणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. घर इथंच, मोर्णेच्या या काठाला. तुम्ही मला कविता वाचायला बोलावलंत. कविता नंतर. आज मोबाईलवर बोलतो, कारण आपली अर्धी चळवळ आता खिशात राहते आणि त्या खिशाला भोक आहे.

पोरं विचारतात, आपल्याकडं लपवायला आहेच काय? माझी मायही म्हणते, "काहून रे, मोबाईलले एवढे कुलुपं?" मी म्हणतो, माय, पहाटेच्या अंधारात डबडं घेऊन जात होतीस तेव्हा दाराची किंमत तुलाच कळत होती ना? दार असलेल्यांना खाजगीपणा जन्मापासून मिळतो. आपल्याला तो मागावा लागतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, घटनेच्या कलम २१ मध्येच तो आहे. पण कागदावरचा हक्क आणि पाणवठ्यावरचा हक्क यांच्यातलं अंतर आपल्याला कुणी शिकवायला नको.

माझा पणजा गावाचा सांगावा वाहायचा. मयतीची बातमी घेऊन उन्हातान्हात कोसच्या कोस. पाटलाची चिठ्ठीही न्यायचा. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून तर बिनघोर त्याच्या हाती द्यायचे. आज निरोप कंपन्या वाहतात, आणि कंपन्यांना वाचता येतं! म्हणून ॲप निवडताना पहिला सवाल हा: वाहणाऱ्याला वाचता येतं का?

गोदीच्या भाषेत सांगतो. कंटेनरला सील असतं. आत काय आहे ते मला दिसत नाही. पण कुठून आला, कुठं चालला, कुणाचा, हे कागदावर असतं. मेसेजचंही तसंच. सील बघा आणि कागदही बघा.

व्हॉट्सॲपचा मेसेज २०१६ पासून सीलबंद जातो, हे खरं. पण कोण कुणाशी आणि कधी बोलतो, तो कागद मेटा कंपनीला दिसू शकतो. आणि चॅटचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर टाकला, की तिथं हे सील आपोआप लागत नाही. २०२१ पासून तशी सोय आहे, पण सेटिंगमध्ये जाऊन ती आपणच चालू करायची. टेलिग्राम पोरांना लई बंडखोर वाटतं. पण त्याच्या साध्या चॅटला आणि ग्रुपला असलं सीलच नाही! ते फक्त 'सीक्रेट चॅट'ला, तेही दोघांपुरतं. सिग्नल ना-नफा संस्था चालवते. तिथं ग्रुपसुद्धा सीलबंद, आणि कागद जवळपास ठेवतच नाहीत. २०१६ मध्ये अमेरिकेत सरकारी चौकशीतून माहिती मागवली गेली, तेव्हा द्यायला दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. २०२४ पासून समोरच्याला नंबर न दाखवता बोलता येतं. माझं मत सिग्नलला.

पण सील म्हणजे सगळं नाही. आनंद तेलतुंबडे आपल्या बाजूचे, यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरचे. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपनं सांगितलं, की पेगासस या इस्रायली हेरयंत्रानं जगभरातल्या सुमारे १४०० जणांचे फोन नेम धरून निवडले होते. त्यात आपलाही फोन असल्याचं तेलतुंबड्यांना कळवलं गेलं. पुढं एल्गार प्रकरणात १४ एप्रिल २०२० ला, ऐन भीमजयंतीला, त्यांना अटक झाली. अडीच वर्षांनी जामिनावर सुटले. असलं यंत्र सील फोडत बसत नाही. सील लावायच्या आधीच तुमच्या घरात येऊन बसतं. तिथं कुठलंच ॲप पुरं पडत नाही. फोन अपडेट ठेवा, अनोळखी लिंक उघडू नका.

आणि माझी स्वतःची गोष्ट. पगार थकला म्हणून कामगारांच्या ग्रुपवर मी रात्री दोन ओळी लिहिल्या. सकाळी मुकादमानं त्याच ओळी मला मोठ्यानं वाचून दाखवल्या. स्क्रीनशॉट होता! नऊ दिवस काम नाही. ॲप फुटलं नव्हतं, आपला माणूस फुटला होता. त्याच्याही घरी चूल होती, मी त्याला शिव्या देत नाही. पण तेव्हापासून दोनशेच्या ग्रुपवर मी जीव टांगत नाही.

शेवटचं. १३ मे २०२३ ची रात्र या जुन्या शहरानं पाहिली आहे. इन्स्टाग्रामवरच्या एका पोस्टवरून दगड सुटले, एका माणसाचा जीव गेला. सील लावल्यानं आतला माल खरा होत नाही. खोटा मेसेज सीलबंद आला तरी खोटाच. जो निरोप चौकात उभं राहून म्हणायची तुमची छाती होणार नाही, तो पुढं ढकलू नका.

तर आज घरी जाऊन एवढं करा. फोनला अंगठ्यापेक्षा लांब आकडी कुलूप लावा. सिग्नल घ्या. मेसेज आपोआप पुसले जातील अशी मुदत घाला. बॅकअप तपासा. ग्रुपमध्ये कोण आहे ते एकेक नाव वाचा. ओळख नसेल तर विचारा, लाजू नका.

पणज्यानं दुसऱ्यांचे निरोप जन्मभर वाहिले. आता निरोप आपला आहे. तो कुणी वाचायचा, ते आपण ठरवू.

जयभीम!